एकशे आठ तांबे आणि कोरडे हात

आमच्या परळीच्या वैजनाथाला कुणीही आपल्या हाताने शिवावं, अशी रीत आहे. त्यामुळे देवाला हात लावता येऊ नये, यापरतं मोठं दुःख मला ठाऊक नव्हतं, आणि नेमकं तेच वाट्याला आलं. देवळाच्या पायऱ्यांशी आमचं जिलेबीचं दुकान. पीठ आंबवणं, पाकाची भांडी घासणं सगळं माझ्याकडे, म्हणजे दिवसभर हात ओलेच. एका उन्हाळ्यात नखांच्या कडा सुजल्या, नखं करडी पडून खडबडीत झाली. शेजारच्या फुलवालीने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि आपली पाटी जराशी पलीकडे सरकवली. महारोग हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण मी गाभाऱ्यात हात मागे बांधून उभी राहू लागले.

एरवी मी फटकळ बाई, पण तेव्हा फुलवालीशी भांडायचं सोडून देवाकडे धावले. नवस बोलले की अकरा सोमवार स्वतः विहिरीतून पाणी शेंदून देवाला एकशे आठ तांबे घालीन, दुरूनच धार धरीन, पण हात बरे कर. चार सोमवार झाले आणि बोटं आणखीच सुजली. माझ्या भक्तीतच खोट असणार, असं वाटून पाचव्या सोमवारी दीडशे तांब्यांचा बेत केला. घागर उचलून निघाले, तोच आमच्या दारासमोर एका टांग्याचं चाक निखळलं.

टांग्यात निजामाच्या सरकारी दवाखान्यातले एक मुसलमान डॉक्टर होते, दौऱ्यावर निघालेले. चाक बसेपर्यंत ते आमच्या बाकावर टेकले. पाणी देताना मी हात पदराखाली लपवला, तो त्यांनी बरोबर हेरला. बोट समोर धरायला लावून त्यांनी टाचणी टोचली. मी कळवळले, तसे ते हसून म्हणाले, "दुखलं ना? महारोगात बोट बधिर होतं. मग हा महारोग न्हाई."

नखाखालची जराशी खरवड काचेवर घेऊन त्यांनी ती आपल्या पेटीतल्या, बारीक ते मोठं दाखवणाऱ्या पितळी खुर्दबिनीखाली धरली आणि मलाही बघायला बोलावलं. आत राळ्यासारखे गोल गोल दाणे होते, आणि काही दाण्यांना लांब धागे फुटले होते. जिलेबीचं पीठ आंबवणाऱ्या खमिराच्याच नात्यातलं हे, असं त्यांनी समजावलं. सुटं असतं तेव्हा दाण्यासारखं राहतं, भिजून मऊ झालेली कातडी मिळाली की रूप पालटतं आणि धागे काढून आत शिरतं. जांभळं औषध देऊन म्हणाले, "औषध निम्मं काम करील, निम्मं कोरडे हात करतील. दोन महिने पाण्यात हात घालू नका."

आता नवसाचं काय, म्हणून मी रडकुंडीला आले. सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "वैद्यांचा नाथ हाय तो. पथ्य मोडून त्याच्या डोक्यावर पाणी ओतलंस, तर तो खूश हुईल व्हय? तांबे आमी घालतो. तू गप बसून बघ."

निघताना डॉक्टरांनी जिलेबी मागितली, माझ्याच हातून घेतली आणि फुलवालीसमोर उभं राहून खाल्ली. तेवढ्यासाठीच ते चाक निखळलं असावं, असं मला आजही वाटतं.

उरलेले सात सोमवार सासूबाई आणि माझे मालक पाणी घालत, मोजणी चुकली की भांडत, आणि मी जांभळी बोटं मांडीवर ठेवून बसत असे. सुरुवातीला ते बसणं फार जड गेलं. मग कळलं की माझ्या भक्तीत खोट असल्याची शंकाही त्या दाण्यांच्याच जातीची होती, आणि रोज रडून मीच तिला ओल पुरवत होते. ती ओल थांबली तशी तीही सुकली.

अकराव्या सोमवारी सूज उतरली होती. फुलवालीने आपणहून माझ्या हातात बेल ठेवला. मी दोन्ही हात पिंडीवर टेकले. दगड गार होता, ओला होता, आणि मला रडूच आवरेना. मागून सासूबाई म्हणाल्या, "झालं न्हवं दर्शन? आता पूस ते हात."

मी हसत हसत पदराला हात पुसले.