म्हैसूरच्या बाईला भाताचं शेत

सरस्वतीपुरममध्ये आमचं शिवणाचं दुकान आहे. पुढच्या अर्ध्यात नवरा पँट-शर्ट बेततो, मागच्या अर्ध्यात मी ब्लाउज शिवते. घर दुकानाच्या वरच आहे, त्यामुळे म्हैसूर पाहायला येणारे सगळे नातेवाईक आमच्याकडे उतरतात. पुण्याची नणंद आमच्या मराठीला कन्नड म्हणते आणि शेजारीण आमच्या कन्नडला मराठी म्हणते, पण राहायला आणि फिरायला दोघींच्याही माणसांना आम्हीच चालतो.

गेल्या तीस वर्षांत मी राजवाडा इतक्या वेळा पाहिला आहे की राजालाही तेवढी सवड मिळाली नसेल. राजवाडा, प्राणिसंग्रहालय, चामुंडीची टेकडी, मग बागेतली कारंजी, असा क्रम ठरलेला आहे. जिराफापाशी आलं की पाहुणे म्हणतात, "केवढी मान." मी म्हणते, "हो ना." जिराफ आणि मी, दोघंही दुसरीकडे बघत असतो.

म्हणून मुलाने ओसाकाला बोलावलं तेव्हा मला बरं वाटलं. एकदा तरी आपण पाहुणे व्हावं. मुलगा चार वर्षांपूर्वी तिकडे एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कामाला गेला. लहानपणी मशीनवर बस म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं, आणि तो इंजिनिअर झाला तेव्हा पोटदुखी थांबली. त्याच्या बापाने ही हकिगत इतक्या गिऱ्हाइकांना सांगितली आहे की काही जण माप न देताच निघून जातात.

नवऱ्याला दुकान सोडवत नव्हतं. त्याने माझ्यावर एकच काम सोपवलं. "त्याच्या ऑफिसच्या दारात त्याला उभं कर आणि फोटो काढ. मागं बोर्ड दिसायला हवा." बेतायच्या टेबलामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याने तिथे मोठा खिळाही ठोकून ठेवला. आता तो फोटो न घेता परत येणं मला शक्य नव्हतं.

मुलाने आठ दिवसांची रजा घेतली होती आणि कागदावर यादी केली होती. ओसाकात करायच्या मजा. पहिल्या दिवशी किल्ला. बाहेरून अगदी किल्ला, आत गेलं की लिफ्ट. आमच्या राजवाड्यात लिफ्ट नाही, निदान एवढा तरी मान आम्ही राखला आहे. किल्ल्यासमोर मी मुलाचा एक फोटो काढला आणि विचारलं, "तुझं ऑफिस इथून किती लांब?"

"लांब आहे अम्मा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी उंच इमारतीच्या गच्चीवरून शहर पाहिलं. चामुंडीची टेकडीच, फक्त देवी नाही आणि नंदीच्या जागी आइस्क्रीम. मी म्हटलं, "इथून ऑफिस दिसतं का?" तो म्हणाला, धुकं आहे. ऊन इतकं होतं की मी पदर डोक्यावर घेतला होता.

मग खाण्याची गल्ली. तव्यावरचं जाड धिरडं माझ्यापुढे आलं. त्यावर सुताराच्या रंध्यातून निघतात तसे पापुद्रे होते आणि ते आपोआप हलत होते.

"हे काय आहे?"

"सुम्ने, उगीच आपली सजावट आहे अम्मा."

माझ्या मुलाची समजूत अशी की गळ्यात तुळशीची माळ घातली की बाईला नाक राहत नाही. सजावटीला माशाचा वास येत होता. मी ते धिरडं त्याच्याकडे सरकवलं आणि पिशवीतला चिवडा काढला. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुलींनी चिवड्याचा फोटो काढला. त्यांच्या यादीत मी असणार.

पुढे फोटो काढायची एक खोली होती. आत उभं राहायचं, आणि यंत्र तुमचे डोळे मोठे करतं आणि गाल गुलाबी. तिथे लहान मुली रांग लावून उभ्या होत्या. माझा जो फोटो निघाला तो कावीळ झालेल्या घुबडाचा होता. दुसऱ्या एका यंत्रातून लोखंडी हाताने खेळणी उचलायची होती. मुलाने बऱ्याच प्रयत्नांनी माझ्यासाठी कापडी ससा उचलला. सशाच्या पाठीवर शिवण सुटली होती. मी तसं म्हटल्यावर मुलगा चटकन म्हणाला, "टाका सोडलाय मशीनने, दोरा सैल होता." मी त्याच्याकडे पाहिलं, पण तोवर त्याने आकाशपाळण्याची तिकिटं काढली होती.

ऑफिसची कारणं रोज नवी होती. आज सुट्टी आहे. बाहेरच्यांना सोडत नाहीत. इमारतीला रंग देताहेत. सहाव्या दिवशी यादी संपली. त्याने मला तासभर गाडीत बसवून एका लहान स्टेशनवर उतरवलं, थोडं चालवलं आणि एका बांधावर उभं केलं.

"बघ अम्मा. भाताची शेती. जपानी पद्धत."

माझं माहेर कृष्णराजनगरचं. घराच्या मागच्या दारातून उतरलं की पाय भातात पडायचा. मी त्या शेताकडे पाहिलं. भात होता. खाली पाणी होतं. मुलगा उत्साहाने रोपांच्या ओळी दाखवत होता आणि माझ्या मनात म्हैसूरजवळचं बन्नूर आलं.

एका वर्षी आमचं दुकान तीन महिने बंद होतं. सगळे तयार कपडे घेऊ लागले होते. मशीन वर घरात आणून चादरीखाली झाकल्या होत्या आणि नवरा दुसऱ्याच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायला जायचा. नेमकी तेव्हाच नणंद आणि तिचे यजमान आले. त्यांनी चादर उचलू नये म्हणून मी त्यांना सकाळी बाहेर काढायची आणि अंधार पडल्यावर आणायची. राजवाडा झाला, जिराफ झाला, टेकडी झाली, कारंजी झाली. पाचव्या दिवशी मी त्यांना बसमध्ये घालून बन्नूरला नेलं आणि ऊस दाखवला. पुण्याच्या माणसाला ऊस. नणंदेचे यजमान म्हणाले, "वा, काय ऊस आहे." भला माणूस.

पाहुण्याला गाव दाखवतात ते घर दिसू नये म्हणून, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी बांधावर उभी राहून म्हटलं, "वा, काय भात आहे." त्याला ते कळलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आज मासे बघायला जाऊ. मोठी काचेची टाकी आहे." दारामागे त्याची पँट टांगलेली होती. उजव्या मांडीवर निळ्या खडूची पुसट रेघ होती. आमच्या घरात ती रेघ धुणारी मीच आहे. बेतून झालं की माणूस खडूचं बोट मांडीला पुसतो. कॉम्प्युटरने ती पडत नाही.

"मासे नकोत," मी म्हटलं. "ऑफिसही नको. तू रोज जातोस तिथं ने."

तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत होता.

स्टेशनच्या खाली जमिनीत बाजार होता. तिथे इस्त्रीच्या दुकानाशेजारी एक अरुंद गाळा होता. तीन मशीन, एक आरसा, आणि आखूड करायच्या पँटींचा ढीग. त्याच्या कंपनीने वर्षभरापूर्वी त्याचा विभागच बंद केला होता. आता सकाळी भाषेची शाळा आणि दुपारी हे. मधली मशीन त्याची.

"अप्पांना सांगू नको अम्मा."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी त्याने शिवलेली एक पँट उलटी करून पाहिली.

मालकीण सत्तरीची होती. मधल्या बोटाच्या पेरावर अंगठीसारखं अंगुस्तान घातलेली, अर्ध्या चष्म्यातून बघणारी. मी तळाची तुरपाई बघतेय म्हटल्यावर ती उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी एका जागी नख ठेवलं. एक टाका बाहेरून दिसत होता. तिने त्याच्या पुढच्या टाक्यावर नख ठेवलं. तोही दिसत होता. मग तिने टाके काढायची उसवणी माझ्या मुलाच्या हातात दिली. आम्ही दोघी दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो आणि इंजिनिअरने तो तळ संपूर्ण उसवून पुन्हा घातला. मला तिचा एक शब्द कळत नव्हता, तिला माझा कळत नव्हता, आणि तासाभरात एकदाही अडलं नाही. ओसाकात मला खरी मजा आली ती तिथे. मुलाला आली नसावी. मी त्याचा मशीनवर बसलेला फोटो काढला.

घरी आल्यावर नवऱ्याला दोन्ही फोटो दिले आणि जे होतं ते सांगितलं. त्याने चष्मा लावून मशीनवरचा फोटो पाहिला. "खांदे वर घेऊन बसलाय," तो म्हणाला. "शंभरदा सांगितलं होतं." मग तो फोटो बटणांच्या खणात गेला आणि खिळ्यावर किल्ल्यासमोरचा लागला. गिऱ्हाइकांनी विचारलं की तो सांगायचा, "ऑफिस ह्याच्या मागंच." मी पंधरा दिवस ऐकून घेतलं.

मग आमच्या जुन्या गिऱ्हाईक, एक निवृत्त शिक्षिका, ब्लाउज घ्यायला आल्या. त्यांची मुलगी ओसाकाला निघाली होती. "तुम्ही जाऊन आलात ना? तिथं पाहण्यासारखं काय आहे?"

"किल्ला," नवरा पुढून म्हणाला.

मी तोंडातले हूक काढून हातात घेतले. "किल्ल्यात लिफ्ट आहे. मोठ्या स्टेशनच्या खाली बाजारात पँटी आखूड करायचं एक दुकान आहे, तिथं जायला सांगा. मधल्या मशीनवर आमचा मुलगा बसतो. एखादी पँट घेऊन गेली तर बरं. आता टाका दिसत नाही."

नवऱ्याची कात्री कापडात थांबली. बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग ह्याच्या मागचं ऑफिस कुणाचं?"

"ते तिथल्या राजाचं," तो म्हणाला, आणि कात्री पुढे चालू झाली.