सोळा जीबीची लाल गाडी

आमच्या घरी पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत लॅपटॉपचा विषय निघतोच. एक किस्सा सांगावा तर आतून आई म्हणते, "ते स्क्रूचं सांग ना." ते सांगितलं की त्यातून तिसरा निघतो आणि पाहुण्याची परतीची बस चुकते. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

लॅपटॉप माझा. धुळ्याला इंजिनिअरिंगला असताना हट्ट करून घेतलेला, गेमिंगवाला, कीबोर्डखाली लाल दिवे लागणारा. पुढे जळगावात नोकरी लागली, माझं खेळणं सुटलं आणि तो इथल्याच, पिंप्राळ्याच्या घरात कपाटावर पडून राहिला.

नाना म्हणजे माझे वडील. जन्मभर एसटीची लाल गाडी चालवली. रिटायर झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी साधी स्कूटरसुद्धा बंद केली. एवढा बोलका माणूस गप्पच झाला हो! दिवसभर ओट्यावर बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. मला ते बघवेना. मी लॅपटॉप खाली काढला आणि त्यात बस चालवायचा गेम टाकून दिला.

* * *

गेममधले रस्ते परदेशातले. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, हे सांगायचं मी विसरले.

नानांनी अर्ध्या तासात सहा गाड्या ठोकल्या. मी धावत गेले तर ते स्क्रीनकडे बोट दाखवून मलाच म्हणतात, "बठ्ठा राँग साईडनी येई राहिनात!" त्यांचं म्हणणं एवढंच, की सगळेच उलट्या बाजूनं येतात तर या गावात आरटीओ ऑफिस आहे की नाही?

चार दिवसांनी हात बसला. पण वेग पन्नासच्या वर नाही. मी म्हटलं, नाना, गेम आहे, पळवा की. तर म्हणाले, मागे पॅसेंजर आहेत.

* * *

मे महिन्यात जळगावात माणसं तापतात, तिथे लॅपटॉपची काय कथा! तासाभरात त्याचा पंखा असा ओरडायचा की आईला वाटायचं मिक्सर चालू राहिला.

नानांनी मला शांतपणे विचारलं, याचा रेडिएटर कुठं असतो? मी म्हटलं, याला पाणी लागत नाही. त्यांना ते पटलं नसावं. संध्याकाळी घरी येते तर लॅपटॉप खुर्चीवर, खुर्ची कूलरच्या तोंडाशी आणि वर ओल्या वाळ्याची हवा! कीबोर्डवर दव पडलं होतं. दोन दिवस तो तांदळाच्या डब्यात ठेवला. तांदूळ वाया गेला नाही, आईनं खिचडी केली.

* * *

खरी अडचण घाटाची होती. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालायची, पण घाट लागला, झाडं-डोंगर आले, की चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. वळणावर अडकलं की गाडी थेट दरीत. नानांनी सगळ्या नोकरीत एकही गाडी दरीत घातली नव्हती. इथे रोज घालत होते. हळूहळू ते परत ओट्यावर जाऊन बसायला लागले.

मी म्हटलं, नवा घेऊ. तर म्हणाले, "इंजिन चांगलं असताना गाडी मोडीत काढत नाहीत." मग उरलं काय? अपग्रेड!

माझा वर्गमित्र पिंट्या, त्याचं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे. नाना आणि मी गेलो. त्यानं मागचं झाकण काढलं आणि पंख्यातून बोटभर जाडीचा कापसाचा थर निघाला. धुळ्याला आमच्या हॉस्टेलच्या मागेच कापसाची जिनिंग मिल होती. पिंट्या म्हणाला, थोडी उशिरा आली असतीस तर यात एक उशी झाली असती. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजवर एअर फिल्टर साफ न केलेली ड्रायव्हर आहे.

रॅम आठची सोळा जीबी केली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. नाना समोर स्टूल टाकून बसले होते. वर्कशॉपमध्ये गाडी दिली की समोरून हलायचं नाही आणि काढलेला माल परत घ्यायचा, हा त्यांचा नियम. पिंट्यानं जुनी रॅम पिशवीत घालून दिली. नानांनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, कुठं घासलेली तर दिसत नाही, काढली कशाला?

झाकण लागलं. टेबलावर एक स्क्रू उरला.

नाना म्हणाले, उघड. पिंट्यानं उघडलं, एकेक भोक मोजलं, सगळं भरलेलं. बंद केलं. नाना म्हणाले, मग हा कुणाचा? परत उघड. दुसऱ्यांदा उघडून पिंट्या खाली वाकला आणि त्याच्या चष्म्याची काडी रॅमवर पडली.

* * *

रविवारी ट्रायल ठरली. नानांनी आधीच सांगून टाकलं होतं, या वेळी घाटात अडकला तर परत हात लावणार नाही. मला रात्रभर धड झोप नाही.

बघायला धुळ्याहून दगडूआबा आले. नानांच्या गाडीवर बारा वर्षं कंडक्टर. पिंट्याही आला. लॅपटॉप दहा सेकंदांत चालू झाला. गेम उघडला. स्टँडवर बस उभी, इंजिन सुरू, नानांची बोटं कीबोर्डवर.

बस हलेना.

एक मिनिट गेलं. मी माऊस हलवून पाहिला, पंख्याला कान लावला. शेवटी भीतभीत विचारलं, नाना, हँग झाला का?

नाना मान न वळवता म्हणाले, "डबल बेल कोठे शे?"

दगडूआबांचा हात बेलच्या दोरीसाठी आपोआप वर गेला. वर दोरी नव्हती. तेवढ्यात आईनं देवघरातली घंटा आणून त्यांच्या हातात दिली.

टण टण.

बस सुटली. घाट लागला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं... झाडं सरसर मागे जात होती, चित्र कुठेच अडकत नव्हतं. नानांनी गाडी माथ्यावर नेली आणि खुशीत दोनदा हॉर्न मारला. पिंट्या चष्मा काढून पुसायला लागला.

आईनं इतके दिवस या गेमकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तिनं खुर्ची ओढली, नानांच्या मागे नेऊन ठेवली, पदर नीट करून बसली आणि दगडूआबांना म्हणाली, "भाऊ, एक शिरपूर द्या."

दगडूआबा घंटा खाली ठेवत म्हणाले, "सुटे काढून ठेवा."