वाल्बुर्गाचा डावा हात

वाल्बुर्गा लोझेने जर्मनीतल्या फ्रायबेर्गच्या पोस्टात जन्मभर शिक्के मारले. "म्हणून मनगट दणकट," ती सांगे. लग्न केलं नाही. लहानपणी हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, शिकली होती. दर रविवारी दुपारी तिच्या बैठकीत थोरला भाऊ गोटहोल्ड व्हायोलिन वाजवी आणि ती साथ करी. शेजारीपाजारी आलुबुखाराचा केक घेऊन ऐकायला येत. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी रीके चेलोवर वाल्बुर्गाच्या डाव्या हाताचेच सूर धरी.

वसंतात गोटहोल्डला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पण वाजवता वाजवता वाट हरवू लागली. शरदात पुन्हा लोकांना बोलवायचं ठरलं, तेव्हा त्याने सगळ्यांच्या आधी येऊन बजावलं.

"लोकांसमोर अडकलो तर उद्याच हे व्हायोलिन संगीतशाळेला देऊन टाकणार. कीव नको मला."

"देऊन टाक," वाल्बुर्गा म्हणाली. "तुझ्यापेक्षा म्हातारं आहे ते. आधी सूर लाव."

टेलेमान या अठराव्या शतकातल्या संगीतकाराची सोनाटा होती. या जुन्या रचनांत साथीदाराच्या कागदावर फक्त डाव्या हाताचे सूर असतात, आणि त्यांच्याजवळ आकडे. उजव्या हाताचं ज्याचं त्याने आकड्यांवरून रचायचं.

"एवढं ढीगभर लिहिलं टेलेमानने," वाल्बुर्गा म्हणे, "तरी एवढं माझ्यावर सोडलं. भरवसा होता रे त्या लोकांना माणसांवर."

पहिला भाग नीट गेला. संथ भागात गोटहोल्ड एका ओळीच्या शेवटी पोचला आणि पुढे जायचं सोडून तीच ओळ पुन्हा वाजवू लागला. मग पुन्हा. त्याच्या कपाळावर घाम आला. रीके आता थांबणारच होती. तेवढ्यात तिला वाल्बुर्गाचा डावा हात दिसला. तो कागदावरचं वाजवत नव्हता.

ओळ तीच होती. वाल्बुर्गाने तिच्याखाली वेगळे सूर ठेवले आणि ओळ उदास झाली. पुढच्या खेपेला हात पायरी पायरीने खाली उतरला. आता तीच ओळ काहीतरी विचारत होती. रीकेने कागदावरची नजर काढून त्या हातावर ठेवली. तो जाईल तिकडे चेलो नेला. व्हायोलिनचा एक सूरही बदलला नव्हता, आणि सगळं बदललं होतं.

मग तो हात खर्जातल्या एका सुरावर थांबला, आणि तिथून हलेना. वर ओळ फिरत होती, खाली तो एकच सूर. आता मागे फिरायला जागाच उरली नव्हती. गोटहोल्डच्या बोटांना ते कळलं. ती वळली, पुढे गेली, आणि तिघंही समेवर आले.

शेवटचा जलद भाग कसा झाला, ते रीकेला आठवत नाही.

"या तुकड्यात इतकी वळणं आहेत, ठाऊकच नव्हतं," शेजारच्या हेम्पेलबाई म्हणाल्या आणि केककडे गेल्या.

गोटहोल्डने गज सैल केला.

"खरं सांग. अडकलो ना?"

"अडकलास. चार-पाच वेळा."

"मग?"

"मग काय? मी होते की खाली."

त्याने तिच्या पुढ्यातला कागद उचलला. "हे लिहिलंय कुठे?"

"कुठेच नाही."

त्याने व्हायोलिन फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं.

"पुढच्या रविवारी जरा सावकाश घेऊ," तो म्हणाला. "तुला वाट शोधायला वेळ मिळेल."

"मला? वाट चुकणार तू, आणि वेळ मला?"