वन्संचं ‘चाललंय’

आमच्या वन्सं कशाचीच तक्रार करत नाहीत. चहात साखर घालायची राहिली तरी ‘छान झालाय’ म्हणतात. खुर्ची डुगडुगत असली तर ते आम्हाला त्या उठून गेल्यावर, दुसरं कुणी तिच्यावर बसून कोलमडलं की कळतं. कॉलेजच्या वयात त्यांना दिसेनासं झालं. तेव्हापासून आपला लोकांना त्रास नको, हे त्यांनी इतकं मनावर घेतलंय की कधीकधी त्याचाच त्रास होतो. ‘वन्सं’ मी सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचे, पुढे तेच नाव पडलं. त्या माझ्या नवऱ्याला, म्हणजे पन्नाशीला आलेल्या धाकट्या भावाला, बाळ्या म्हणतात.

वन्सं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहेत. फोन आला की संगणक पडद्यावरचं त्यांच्या कानात वाचून दाखवतो, कुठला वॉर्ड, कुठला डॉक्टर ड्यूटीवर आहे, आणि त्या फोन जोडून देतात. हा वाचून दाखवणारा प्रोग्राम माझे यजमान आणि देशोदेशीचे त्यांच्यासारखेच उद्योगी लोक मिळून बनवतात. फुकट. कुणीही घ्यावा, कुणीही उघडून आत बघावं, जमल्यास दुरुस्त करावा. याला ओपन सोर्स म्हणतात. मी याला घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणते, पण माझं ऐकतो कोण?

त्या मंडळीत ह्यांचं काम शेवटचं. नवी आवृत्ती आधी चाचणीसाठी ठेवायची, लोकांनी वापरून बघायची, ओरड झाली नाही की हे ती सगळ्यांसाठी खुली करतात. पण बाकी जग काही म्हणो, ह्यांचा एक नियम ठरलेला. आधी ताईला द्यायची. ताई ‘चाललंय’ म्हणाली की मगच पुढे. आणि ताई दरवेळी ‘चाललंय’च म्हणायची.

या वेळी मात्र प्रश्न तिच्या खुर्चीचाच होता. इस्पितळ सगळे संगणक बदलणार होतं आणि नव्या संगणकांवर जुनी आवृत्ती चालत नव्हती. महिनाअखेरीपर्यंत नवी नीट चालली नाही, तर वन्संना तिथून उठवून ‘सोयीच्या जागी’ बसवणार होते. सोयीची जागा म्हणजे पगार चालू आणि काम बंद. “भिंतीकडे तोंड करून पगार घेऊ का मी?” असं त्या एकदाच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे आमच्या घरात भूकंप.

रविवारी जेवणाच्या टेबलावर नवा लॅपटॉप मांडला. वन्संनी थोडा वेळ बटणं दाबली आणि हात काढून घेतले.

“बाळ्या, हे बिघडलंय. नवं पान उघडलं की गप्पच बसतं.”

ह्यांनी करून पाहिलं, तर घडाघडा वाचायला लागलं. वन्संनी केलं, मिठाची गुळणी. पुन्हा ह्यांनी केलं, पुन्हा घडाघडा.

“ताई, चालतंय गं!”

“नाही रे चालत!”

लहानपणी दोघं कशी भांडत असतील ते मला त्या दिवशी दिसलं. तिकडे परदेशातूनही निरोप येऊ लागले. कुणी म्हणे मुकं झालं, कुणी म्हणे इतकं छान कधीच चाललं नव्हतं. त्यातही गंमत अशी, की ओरडणारे सगळे जुनेजाणते आणि खूश असणारे सगळे नवखे. ह्यांनी आवृत्ती रोखून धरली. केलेला एकेक बदल काढून पाहिला, घालून पाहिला. जेवताना घास हातात घेऊन बसायचे. एका यंत्राला भाऊ चालतो आणि बहीण चालत नाही, हे काय गौडबंगाल? मला तर वाटायला लागलं, ते यंत्र माणसं ओळखतं. मी तसं बोलूनही दाखवलं. कुणी हसलं नाही.

पुढच्या रविवारी दोघांची तीच जुगलबंदी चालू होती. मी शेजारी मटार सोलत होते. वैतागून मी बघणं सोडून दिलं होतं, म्हणूनच बहुधा ऐकू आलं.

“अहो, तुम्ही टक असं एकदाच दाबता. वन्सं टक-टक करतात.”

“मी एकदाच दाबते, वहिनी,” वन्सं म्हणाल्या. त्यांना अगदी खरं वाटत होतं.

ह्यांनी त्यांना पुन्हा करायला लावलं आणि हातांवर वाकून बसले. उजव्या हातानं पान उघडलं, आणि त्याच दमात डाव्या हाताची करंगळी कोपऱ्यातल्या बटणावर पडली. ते बटण म्हणजे यंत्राला ‘गप्प बस’ म्हणणं.

“ताई, तू त्याला गप्प का करतेस?”

“गप्प कुठे करते? त्यानं ते बोलतं.”

मला वाटलं, वन्संचंही डोकं फिरलं. ‘गप्प बस’ म्हटल्यावर बोलणारं कुणी मी तरी पाहिलेलं नाही. पण तसंच होतं. पूर्वी नवं पान उघडलं की प्रोग्राम अडकायचा, आणि ‘गप्प बस’चा धक्का दिला की सुटून बोलायला लागायचा. वन्संची करंगळी ते शिकली आणि वन्सं विसरूनही गेल्या. या वेळी कुणीतरी ते अडकणं दुरुस्त केलं. आता तो लगेच बोलू लागे आणि करंगळी त्याचं तोंड दाबे. सगळ्या जुन्या लोकांचं हेच होत होतं.

“कधीपासून अडकत होतं?”

“पहिल्यापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू डोळे फोडून फुकट राबतोस. धर्माची गाय आणि दात का नाय, असं विचारू?”

“तुझ्या ‘चाललंय’वर मी सगळ्या जगाला देत होतो, ताई!”

ह्यांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. मग एकदम म्हणाले, “मी ते अडकणं परत घालतो. तुझी नोकरी आधी.”

मी हो म्हणणार होते. मग वाटलं, चांगलं झालेलं पुन्हा बिघडवायचं? मग वाटलं, का नाही, आपल्या माणसासाठी? खरं सांगते, मला काही सुचेना. वन्संनाच सुचलं.

“खुळा की काय! नव्या लोकांनी का अडकावं? बोट माझं आहे, मी बघते. तू सगळ्यांना कळव आणि दे सोडून.”

ह्यांनी आवृत्ती सोडली. वन्संनी करंगळीला चिकटपट्टी गुंडाळली, बोट हललं की जाणवावं म्हणून, आणि महिनाअखेरीपर्यंत आमच्या टेबलावर घोकंपट्टी केली.

नव्या संगणकाच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्यामागे स्टुलावर बसले. पहिला फोन वाजला. पान उघडलं, करंगळी उचलली गेली आणि पट्टीसकट तशीच अधांतरी थांबली. कानात वाचणं चालू राहिलं असणार, कारण वन्संनी फोन जोडला. मधे एकदा बोट पडलंच. त्यांचा चेहरा पांढरा झाला. “एक क्षण हं,” म्हणून त्यांनी पान पुन्हा उघडलं. दुपारी त्यांच्या खात्याच्या मोठ्या बाई येऊन बराच वेळ मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही इथून हलू नका.”

संध्याकाळी वन्सं आमच्याकडे आल्या. हे दारातच उभे.

“ताई, चाललंय ना?”

“नाही,” वन्सं म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. “लिहून घे. आकडे फार भरभर वाचतो. लांब यादीत मधेच एखादी ओळ खातो. आणि सुरू होताना ते जे टुंग करतो ना, ते मला पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही.”

हे पेन शोधत घरभर धावत होते. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. इतकी वर्षं मी तक्रारी करते, माझ्या वेळी हा चेहरा कधी दिसला नाही.

“अजून, ताई? अजून सांग.”

“आहे ना. वहिनी, तुमची ही खुर्ची डुगडुगते.”