धूरमुक्त घराची पाटी

आमच्या वाडीत पहिलं सोलर चढलं ते माझ्या न्हाणीवर. आणि त्या पावसाळ्यात अख्ख्या वाडीत सगळ्यात जास्त धूर निघाला तोही माझ्याच न्हाणीतून.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाय. मी होड्या शाकारतो. पावसाआधी मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढतात, त्यांच्यावर बांबूचा सांगाडा बांधायचा, त्यावर माडाच्या विणलेल्या पानांची झापं घालायची, वर ताडपत्री ओढायची आणि सुंभाने अशी आवळायची की वारा डोकं आपटून मेला तरी आत जाऊ नये. पूर्णगडच्या खाडीपासून इकडे वरपर्यंत लोक मला बोलावतात. बाकी मला काय येत नाय. शाळेत मी गेलोय, पण तो पाऊस आला की वळचणीला उभा राहायला. आत गेलो नाय. मास्तरांनी पण आग्रह केला नाय.

तर गोष्ट माझ्या बायकोच्या छातीची आहे. तिला खोकला. साधा नाय, आतून ओढून काढणारा. रत्नागिरीला डॉक्टरकडे नेली. त्याने नळी लावली, पाठीवर ठोकलं, आणि तिला न विचारता मला विचारलं, "घरात चूल आहे?"

म्हटलं, "नाय, गॅस आहे."

बायको म्हणाली, "न्हाणीत आहे."

आमच्याकडे तसंच आहे सगळ्यांचं. जेवण गॅसवर, पण आंघोळीच्या पाण्याला गॅस कोण जाळणार? न्हाणीत तीन दगड, वर तांब्याचा हंडा, खाली आंब्याचा वाळका पातेरा, माडाची चुडतं, नारळाची सोडणं, मिळेल ते. आणि पाणी कोणाला लागायचं? मला. डांबर, माशाचं तेल, चिखल, सगळं अंगावर घेऊन मी यायचो, सकाळी एक हंडा, संध्याकाळी एक हंडा. ती स्वतः दोन तांबे अंगावर घेऊन मोकळी. म्हणजे फुंकायची ती, धूर खायची ती, आणि कढत पाण्याने शेकत बसायचो मी. वर आतून ओरडायचो, "जरा कोमटच आहे गो!"

डॉक्टर म्हणाला, "धूर बंद करा. नाहीतर औषध म्हणजे नुसतं पाणी." मी म्हटलं, "गरम की थंड?" तो हसला नाय. बायको पण हसली नाय. तिथल्या भिंतीवर एक फुफ्फुसाचं चित्र होतं, तेवढंच माझ्याकडे बघत होतं.

नशिबाने त्याच वर्षी ग्रामपंचायतीत सभा लागली. धुराच्या घरांना सोलरचा बंब. शहरातून एक साहेब आले होते, गळ्यात पट्ट्याला कार्ड, पायात पांढरे बूट. आमच्या लाल मातीत पांढरे बूट घालून येणारा माणूस किती हुशार असेल ते मी तिथेच ओळखलं. त्याने पडद्यावर पृथ्वी दाखवली. म्हणाला, ती तापतेय. लाकूड जाळलं की तापते, कोळसा जाळला की तापते. मी मागून म्हटलं, "साहेब, पृथ्वी तापते ती फुकट, आणि आमचा हंडा तापवायला बायकोला तासभर लागतो. जरा अदलाबदल होईल काय?" सभा हसली. साहेब म्हणाला, कोण बोललं ते उभे राहा. मी उभा राहिलो. त्याने माझं नाव पहिलं लिहिलं. मला वाटलं शिक्षा. ती निघाली योजना.

बंब बसवायला आला तो पोरगेलासा गडी घाटावरचा. न्हाणीच्या स्लॅबवर त्याने लोखंडी घोडा मांडला, त्यावर काळ्या काचेच्या नळ्या तिरक्या लावल्या, वर गोल टाकी. काम नीट केलं, खोटं कशाला बोलू. जाताना म्हणाला, "काका, पावसात पाणी जरा कमी तापेल हं." मी म्हटलं, "बाबा, पाऊस आम्हाला नको शिकवू." हे वाक्य लक्षात ठेवा.

मग फोटो. त्यांच्याबरोबर एक फोटोवाला होता. त्याने बायकोला सांगितलं, चुलीवर पाणी ओता. चूल विझलेली होती. तर आधी ती पेटवा म्हणाला. म्हणजे धूर बंद केल्याचा फोटो काढायला तिला धूर करायला लावला. ती फुंकतेय, खोकतेय, तो म्हणतोय, "वहिनी, जरा हसा." एकदा जमलं नाय म्हणून परत पेटवायला लावली. शेवटी पाणी ओतलं, टाळ्या वाजल्या, आणि दारावर पत्र्याची हिरवी पाटी ठोकली. मला वाचता येत नाय, बायकोने वाचून दाखवली. "धूरमुक्त घर."

पण काय खोटं नाय, चैत्र-वैशाखात त्या बंबाने मजा आणली. नळ सोडला की कढत पाणी. मी दिवसातून तीनदा आंघोळ करायला लागलो. शेजारचा म्हणाला, "अरे, कातडी निघेल." बायकोचा खोकला उतरला. रात्री सलग झोपायला लागली. न्हाणीतल्या चुलीच्या तोंडात तिने माती भरली आणि अबोली लावली. दोन पानं फुटली, मग चार. मला बोलावून दाखवायची. मी म्हणायचो, "मी आणलेल्या सोलरची कृपा." जसा काय सूर्य मीच खांद्यावरून आणला होता.

मग होड्या वर आल्या. माझा हंगाम. वीस दिवस मी लोकांच्या होड्या शाकारल्या, आणि शेवटच्या दिवशी घरी आलो तर न्हाणीवर काय बघतो? एवढी महागामोलाची वस्तू, काचेच्या नळ्या, आणि वर नारळांनी लगडलेला माड डोलतोय. आता तुम्ही सांगा. मी पन्नास होड्या झाकून आलेला माणूस, माझी स्वतःची वस्तू उघडी? लोक काय म्हणतील?

राहिलेले बांबू होते, झापं होती, निळी ताडपत्री होती. चढलो.

बायको खालून म्हणाली, "अहो, त्या बसवणाऱ्याला एकदा फोन करून विचारा तरी."

म्हटलं, "त्याला काय विचारायचं? तो घाटावरचा. त्याच्याकडे पाऊस पडतो तो शिंतोडा. इथला पाऊस त्याने बघितला तर पळत घाट चढेल."

"पण उन्हावर चालतं ना ते?"

"पावसात ऊन असतं काय? मग उघडं ठेवून काय वाळवणार? सरकारी काच फुटली तर भरून कोण देणार?"

यावर ती गप्प झाली. मला वाटलं पटलं. बायको गप्प झाली की पटलं असं समजणारी माणसं जगात खूप आहेत. त्यांचा अध्यक्ष मी.

शाकारणी मात्र अशी झाली की बघत राहावं. चारी बाजूंनी आवळून गाठ मारली. टाकीलासुद्धा टोपडं घातलं. रस्त्याने जाणारे विचारायचे, "काय हो, न्हाणीवर होडी कधी घेतलीत?" मी म्हणायचो, "पाणी वर आलं की कळेल तुम्हाला."

पाऊस लागला. पाणी थंड पडलं. मी बायकोला म्हटलं, "बघ, तो बोललाच होता, पावसात कमी तापतं." कमी म्हणजे किती, हे मला विचारायचं सुचलं नाय. आमच्या विहिरीचं पाणी त्यापेक्षा गरम होतं. आठ दिवस मी शहाण्यासारखा कुरकुरलो. नवव्या दिवशी बायकोने चुलीतली अबोली मुळासकट काढून डब्यात लावली, आणि चूल पेटवली.

पावसातलं लाकूड तुम्हाला माहीत आहे. जळत नाय, नुसतं रडतं. धूर न्हाणीतून निघून घरात, घरातून ओटीवर. आणि खोकला परत आला. पहिल्यापेक्षा वाईट. ती फुंकायची, थांबायची, भिंतीला हात लावून खोकायची, परत फुंकायची. मी ओटीवर बसून काय करत होतो? सरकारला शिव्या देत होतो. हे काम मला चांगलं जमतं, त्याला शिक्षण लागत नाय. नाक्यावर चहा पिताना सांगायचो, "ऊन असताना पाणी गरम करणारं यंत्र आणलंय म्हणे! अरे, उन्हात समुद्र पण गरम असतो, त्याला काय पाटी ठोकलीत?" लोक पोट धरून हसायचे. मी आणखी सांगायचो. घरी यायचो तेव्हा हंडा तापलेला असायचा.

आषाढात दोन जण योजनेच्या तपासणीला आले. छत्र्या, हातात पाटीसारखा मोबाईल. पाटीखाली उभे राहिले, पाटीचा फोटो काढला. मागे न्हाणीतून धूर येतोय, बायको आत खोकतेय. त्यातला एक नाक वर करून म्हणाला, "धूर कसला?"

आता खरं सांगायचं तर हीच वेळ होती. म्हणायला हवं होतं, साहेब, बंब चालत नाय, वर चढून बघा. पण मला वाटलं, बंब काढून नेतील. पाटी काढतील. वाडीत शोभा होईल. म्हटलं, "बोंबील भाजतोय."

"ओले?"

"सुके."

"छान," म्हणाला, आणि मोबाईलवर बोट दाबलं. मग विचारलं, "समाधानी आहात?" मी म्हटलं, "कुणाशी?" दुसरा म्हणाला, "समाधानी लिही रे." दोघांनी छत्र्या खाली धरल्या होत्या. एकाने मान वर केली असती तर एवढी मोठी निळी ताडपत्री दिसली असती. मी ते गेल्यावर पोटभर हसलो. कसले आंधळे तपासनीस! बायको दारात आली, डोळे लाल, पदर तोंडाला. म्हणाली, "बोंबील कुठे आहेत, तेवढं सांगा. भाजते." तरी मी हसतच होतो.

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात ऊन-पावसाचा खेळ असतो, दुपारी चटका बसेल असं ऊन पडतं. पण उघडीप मिळाली म्हणून कोण होडीवरची झापं काढत नाय. नारळी पौर्णिमेला काढायची, तो नेम आहे. बंबाचा नेमही मी तोच धरला होता.

एक दिवस बायको वरच्या वाडीत शाळेतल्या बाईंकडे गेली होती. त्यांच्याकडेही त्याच योजनेतला बंब. हिला तिथे खोकल्याची उबळ आली, तर बाईंनी नळ सोडून तांब्याभर पाणी पुढे केलं, गुळण्या कर म्हणून. हिने तांब्या हातात घेतला तर गरम. हिने विचारलं, "बाई, तुम्ही पावसाळ्याला याचं काय केलंत?"

बाई म्हणाल्या, "काय करायचं? काचेवर पातेरा पडला तर झाडते. रोज नाय तापत, पण ऊन आलं की तापतं."

हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मी ओटीवर लवंडलो होतो. बायको आली, कोयती घेतली, शिडी ओढली. मला वाटलं नारळ काढायला कोणी आलंय. बाहेर येऊन बघतो तर ही स्लॅबवर. एका हाताने टाकीला धरून खोकतेय आणि दुसऱ्या हाताने माझं सुंभ कापतेय.

"अगो, काय करतेस! गाठ आहे ती, सोड, कापू नको!"

"सुटत नाय," ती वरून म्हणाली. "चांगली बांधलीत."

मी शिडी धरून खाली उभा राहिलो. वर जायची हिंमत झाली नाय. एक झाप खाली आलं, दुसरं आलं, मग ताडपत्री साचलेल्या पाण्यासकट माझ्या डोक्यावर. वर काळ्या काचा चमकायला लागल्या. एकीवरही ओरखडा नाय. शाकारणी खरंच उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी दुपारभर ऊन होतं. संध्याकाळी नळ सोडला, हात लावला, आणि चटकन मागे घेतला. बायको चुलीतली राख खरवडून काढत होती. बाजूला डब्यातली अबोली. अर्धी वाळली होती. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलावं. हसवावं. म्हटलं, "बघ, झाला ना तुझा त्रास कायमचा बंद. आता मी सकाळ-संध्याकाळ कढत पाण्याने आंघोळ करणार, आणि तुला काडी पण लावायला नको."

तिने अबोली चुलीत ठेवली, माती दाबली आणि हात धुतले. विहिरीच्या पाण्याने.

म्हणाली, "दोन महिने तुम्ही थंड पाण्याने आंघोळ केली असतीत, तरी मला काडी लावावी लागली नसती."