बारशाच्या आधीचा फोटू

"बंद करा दादा, ते लाल बंद करा, लेकराचा फोटू येईल..." मी हेच वरडत होते अन् दारात माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊन राहिली होती. नळाच्या पाण्यावरनं भांडण, लातुरात आमच्या गल्लीत ते काय नवं न्हाई. पण त्या दिवशी शेजारच्यानं काठी आणली, आमचे हे बी मागं हटंनात, अन् मी ओली बाळंतीण, लेकरू छातीशी धरून आत न्हाणीजवळच्या कोपऱ्यात. कुणीतरी फोन केला अन् माधवदादा आले. वर्दीत, छातीला पोलिसांचा तो कॅमेरा.

माधवदादा माझ्या माहेरचे, निलंग्याकडचे. सख्खे न्हाईत, पण राखी मी त्यांनाच बांधायची. कॅमेरा मिळाला तवा दाखवायला आले होते. म्हणले, "आता तुझा दादा शिवी द्यायला बी मोकळा न्हाई बघ." मी म्हणलं, "बरं झालं, वहिनीला बी एक घेऊन द्या, घरात लावंल." लई हसले. मग म्हणले, "लोक म्हणतात पोलिसानं मारलं, पोलीस म्हणतो न्हाई मारलं. हे खरं काय ते सांगतंय, दोघांला बी बरंय." लेकरू झालं तवा पिवळं टोपडं घेऊन आले. पार नाकापर्यंत यायचं. म्हणले, "ऱ्हाऊ दे, वाढंल की डोस्कं."

आमच्यात बारशाच्या आधी लेकराचा फोटू काढत न्हाईत, नजर लागती. सासूनं मोबाईल बी खोलीत येऊ दिला नव्हता. दादा मला बाहेर काढायला आत आले अन् तो लाल दिवा नीट माझ्या लेकराकडं बघून राहिला होता... ते म्हणले, "अगं, मधीच बंद करता येत न्हाई." मी रडायलाच लागले. मग त्यांनी बटन दाबलं. "हे बघ बाई, मिटला डोळा. चल आता."

तेवढंच बोलले. मागनं भांडणाच्या तावातला एक हात आला. त्या हाताला काळा दोरा होता, नजरंचा, मीच बांधलेला... दादाचं डोस्कं न्हाणीच्या दगडावर आपटलं. दवाखान्यातनं ते परत आले न्हाईत.

घरात सगळे म्हणले, पाय घसरला. चौकशीला साहेब आले, त्यांना मी बी तेच सांगितलं. बाहेर लोक म्हणायला लागले, कॅमेरा बंद केला म्हणजे पैसे खायला आत गेला असंल. ज्यानं कुणाचा चहा फुकट घेतला न्हाई त्याला... वहिनी आली. भांडली न्हाई. एवढंच म्हणली, "त्यांनी बंद का केला असंल गं? तू होतीस ना तिथं?" मी लेकराला पाजायचं म्हणून पाठ फिरवली.

परवा ते चौकशीचे साहेब परत आले. त्यांच्या छातीला बी तसाच कॅमेरा, दिवा लागलेला. लेकरू मांडीवर, पिवळं टोपडं आता बरोबर बसतंय. साहेब म्हणले, "ताई, घाबरू नका. बंद करू का?" मी म्हणलं, "न्हाई, चालू ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी बंद करा म्हणणारी मीच होते. लेकरासाठी." साहेबांनी विचारलं, "मग ते घसरले, का कुणी ढकललं? नाव सांगा."

यांचं नाव मी लग्नापासनं उखाण्यातच घेतलेलं, बारशाला बी घेतलं, बाया हसल्या... हे दारातच उभे होते, मनगटातला दोरा फिरवत. दिवा लागलेलाच होता, लेकरू टोपडं वढून राहिलं होतं. तुमी माझ्या जागी असता, तर तुमी काय केलं असतं?