ड्रेन बोल्टचं वॉशर

बंगळुरूच्या आमच्या फौजी सेंटरमधून पहाटे ०५०० वाजता माझ्या कारने निघालो. मी निवृत्त हवालदार, आता बोईसरला कंपनीची बस चालवतो. शेजारच्या सीटवर एडवणची पार्वतीबाई, फौजेतल्या माझ्या को-ड्रायव्हरची, नाईक जयवंतची आई. मीही तिला आयच म्हणतो. स्मारकाच्या दगडावर कोरलेल्या लेकाच्या नावाला तिला एकदा हात लावायचा होता. तो लावून झाला.

एक गोष्ट मी तिला इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. एडवण यायच्या आत सांगायचीच, असं ठरवलं होतं. रात्री साताऱ्याला मुक्काम झाला. पुणं गेलं, ठाणं गेलं. तोंड उघडलं की मी चहाचं विचारायचो.

दुसऱ्या दिवशी १५४० वाजता, मनोर सोडून पालघरच्या रस्त्याला मासवणजवळ, ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. कंबर धरलेली, डोळे चुरचुरत होते. खाली वाकलो तर ड्रेन बोल्टमधून तेल ठिबकत होतं. बंगळुरूला जायला निघायच्या आदल्या दिवशीच बोईसरच्या एका गॅरेजात ऑइल बदललं होतं. बोल्टखालचं तांब्याचं वॉशर एकदा दबलं की टाकून द्यायचं असतं. मेकॅनिकला फोन लावला.

"पुराना ही डाला, अंकल. सोचा चलेगा."

शिवी ओठांवर आली आणि तिथेच राहिली. मी कोणत्या तोंडाने देणार होतो?

"काय झाला रं?" आयने काचेतून विचारलं.

"तेल गळतंय, आय. वॉशर जुनं आहे."

"मंग सूत गुंडाळ ना. होडीच्या फटीत भरतान तसा." तिने पिशवीतल्या पुडीचा दोरा सोडवून माझ्या हातात दिला.

मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि सांगून टाकलं.

लडाखचा घाट होता. वेळ ०९१०. आमचा ट्रक फौजी गाड्यांच्या कॉन्व्हॉयमध्ये चौथा. कॉन्व्हॉय थांबला की जयवंत ट्रकखाली वाकायचा, तेल गळतंय का बघायचा आणि रिपोर्ट द्यायचा, "सूखा है, उस्ताद!" त्या दिवशी वाकला तर तेल ठिबकत होतं. आदल्या संध्याकाळी ऑइल मी बदललं होतं. स्टोअरपर्यंत जायचा कंटाळा केला आणि जुनंच वॉशर लावलं. चलेगा म्हणालो.

वायरलेसवर साहेब आले. "नंबर चार, क्यों रुके हो?"

"तेल लीक है, साहब. दस मिनट."

"पाँच मिनट. ऊपर से पत्थर आ रहे हैं."

खाली मी जायला हवं होतं. जयवंत हसला. "उस्ताद, तुमचं पोट अडकेल." सुईदोऱ्याच्या किटमधला दोरा घेऊन तो ट्रकखाली सरकला. चार मिनिटांत बाहेर आला, वाकून पाहिलं, "सूखा है, उस्ताद," म्हणाला. तेवढ्यात वरून दगड आला, थेट त्याच्यावर. ट्रक तसाच चालवत मी कॅम्पपर्यंत नेला. एक थेंब तेल गळलं नाही.

आय म्हणाली, "आदी गाडी नीट कर."

इंजिन निवल्यावर बोल्ट दोन आटे सैल केला, त्याच्या मानेला सूत गुंडाळून आवळला. डिकीतला एक लिटरचा कॅन ओतला. १६५० ला निघालो. पालघर गेलं. मला तिच्याकडे मान वळवायचा धीर नव्हता.

सफाळ्याच्या पुढे ती बोलली. "सूत भराया त्याला मीच शिकवला. त्याचा बाप बोललेला, पोराला होडीकामात घालू नको. मी ऐकला नाय. मी शिकवला नसता तं तो कशाला गेला असता गाडीखाली?" काचेबाहेर बघत म्हणाली, "आता मी कोनाला सांगू?"

गिअर बदलावा लागला म्हणून हाताला काम मिळालं.

१८१५ ला एडवण. अंगणात गाडी लावली. आय उतरली, पण घरात गेली नाही. गाडीच्या पुढे आली, गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत वाकली आणि गाडीखाली बघत राहिली.

"सुका हाय," ती म्हणाली.

मी स्टिअरिंग सोडून सावधानमध्ये बसलो.